वॉल्टच्या हातून सुटलेला चेंडू

“सदुसष्टमध्ये समोरच्या संघांत होतं कोण? खाणीतली अर्धपोटी पोरं! त्यांना हरवलं त्यात कसला आलाय पराक्रम?” पलंगाच्या डाव्या बाजूला उभा राहून रिक डनलेवी म्हणाला.

“आणि तुझ्या चौऱ्याऐंशीच्या संघानं शेवटचा सामना कसा घालवला ते सांग ना! का आता घशात काही अडकलं?” उजव्या बाजूनं चक हेडली ओरडला.

दोघांच्या मध्ये, आमच्या वृद्धाश्रमातल्या पलंगावर, जीन फॅबियानो बसला होता. सदुसष्ट सालच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं पास फेकून संघ खेळवणारा गडी, तो हाच. हातात पुडिंगची वाटी होती आणि चमचा तोंडाकडे न्यायचा की कानाकडे, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. शिवाय त्यानं अंथरूण ओलं केलं होतं. मी स्वच्छ चादर घेऊन दारात ताटकळत होते.

“भांडण बाहेर न्या,” मी म्हटलं. “मला ह्याचे कपडे बदलायचेत.”

“दोन मिनिटं, रॉनी. एक फोटो काढतो फक्त,” चक म्हणाला.

डनलेवीनं लगेच जीनच्या गळ्यात हात टाकला आणि दात दाखवले. हायवेवरच्या जाहिरातीच्या फलकांवर दाखवतो तेच. डनलेवीचं मोटारींचं दुकान आहे आणि टीव्हीवर तो दिवसातून पन्नासदा दिसतो. जीननं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाला, “मला गाडी नकोय.”

चक पोट धरून हसला. डनलेवीचं तोंड पडलं. दोघांपैकी एकालाही खोलीतला वास आला नाही, की आला आणि फोटोपुढे तो त्यांना किरकोळ वाटला, देव जाणे.

लोक मला नेहमी विचारतात, तू हे काम कसं करतेस, तुला किळस येत नाही? नाही येत. माणसाच्या अंगातून जे निघतं ते कोमट पाण्यानं आणि साबणानं जातं. मला किळस येते ती ह्या दोघांसारख्यांची, आणि ती घरी जाऊन कितीही हात धुतले तरी जात नाही.

आमच्या हार्लन फर्नेसमध्ये पोलादाची भट्टी बंद पडली, मग चपलांचं दुकान गेलं, मग दोन चर्च एकात घातली. उरला तो हायस्कूलचा फुटबॉल संघ, हॅमर्स. त्याच्यासाठी नवं स्टेडियम झालं, आणि फाटकाशी एक ब्राँझचा पुतळा बसवायचा ठरला. हॅमर्सच्या सर्वकाळच्या थोर क्वार्टरबॅकचा. पण थोर कोण? जीन, का डनलेवी, का दोन हजार नऊचा तो ओक्स? चकच्या समितीनं मोबाइलवर मतदान सुरू केलं आणि गाव पेटलं. सख्ख्या मेव्हण्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. जीनच्या काळी हेल्मेट कसलं होतं, डनलेवीच्या काळी नियम कसे सैल होते, आजच्या पोरांपुढे दोघंही कसे टिकले नसते, ह्यावर न्हाव्याच्या दुकानापासून दफनविधीच्या जेवणापर्यंत काथ्याकूट. ओक्स टेक्सासात ट्रक चालवतो. त्यानं कळवलं की माझं नाव काढून टाका. तिघांत शहाणा तोच म्हणायचा.

ह्या सगळ्या वर्षांत जीनला भेटायला रोज येणारा माणूस एकच, वॉल्ट प्रिबिश. मतदानात त्याचं नाव असायचं काही कारणच नव्हतं. वॉल्ट सेंटर होता.

सेंटर म्हणजे सगळ्यांच्या पुढे ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू मागे देणारा गडी. क्वार्टरबॅक त्याच्या पाठीला खेटून उभा राहतो, हात त्याच्या मांड्यांमध्ये धरतो आणि ठरलेला आकडा म्हणून ‘हट!’ अशी आरोळी देतो. चेंडू हातात आला की पुढची सगळी वाहवा क्वार्टरबॅकची. सेंटरच्या अंगावर मात्र त्याच क्षणी समोरचा आडदांड कोसळतो. वॉल्टनं हे जीनसाठी तीन हंगाम केलं. मग भट्टीवर कामाला लागला. भट्टी बंद झाल्यावर शाळेची बस चालवली. बायको गेली, गुडघे गेले. आता दुपारी जेवणाच्या वेळी तो आमच्या वृद्धाश्रमात येतो, कोट खुंटीला अडकवतो आणि जीनला भरवतो.

पण भरवायचं तर आधी जीनला उठवायला हवं. तिथंच घोडं अडायचं. जीनला पलंगावरून उठायचं म्हटलं की तो पलंगाचा कठडा धरून बसायचा, ओरडायचा, आमच्या एका पोरीचा त्यानं चावाही घेतला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेच्या गोळ्या वाढवू. त्या दिवशी वॉल्ट आला, त्यानं थोडा वेळ जीनकडे पाहिलं, आणि त्याच्याकडे पाठ करून पलंगासमोर ओणवा झाला. गुडघे कडाकडा वाजले. मला वाटलं म्हाताऱ्याचं काही पडलंय.

जीननं कठडा सोडला. तो उठला. स्वतःहून, ताठ. दोन्ही हात जिथं धरायचे तिथं धरले आणि म्हणाला, “ब्लू बावीस. ब्लू बावीस. हट!”

वॉल्टनं गुंडाळलेला टॉवेल पायांमधून मागे त्याच्या हातात दिला. मग तो सरळ झाला आणि चालायला लागला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून जीन त्याच्यामागून जेवणघरापर्यंत गेला. तेव्हापासून रोज तसंच. आमच्यातल्या पोरी पहिल्यांदा फिदीफिदी हसल्या. मी त्यांना असं काही सुनावलं की पुन्हा कुणी दात काढले नाहीत. गोळ्या मात्र कधीच वाढवाव्या लागल्या नाहीत.

मतदानाच्या धामधुमीत एका संध्याकाळी मी स्लोव्हाक क्लबात जेवायला बटाटा भरलेले पिरोगी न्यायला गेले, तर तिथं बारपाशी तोच तमाशा. वॉल्ट कोपऱ्यात बिअर घेऊन बसला होता. चकनं त्याला ओढलं.

“अरे, ह्याला विचारा! हा तर जीनच्या इतका जवळ होता की त्याच्या बायकोलाही हेवा वाटावा! सांग रे वॉल्ट, पास कसे टाकायचा?”

सगळे हसले. वॉल्टनं ग्लास खाली ठेवला.

“मला काय माहीत?” तो म्हणाला. “मी कुठं पाहिलंय?”

“म्हणजे काय? तीन हंगाम खेळलास ना बाबा त्याच्याबरोबर?”

“तीन हंगाम माझी पाठ होती त्याच्याकडे. चेंडू दिला की माझ्या छातीवर कुणीतरी बसलेला असायचा. लोक ओरडले की कळायचं, पोचला वाटतं पास.”

“मग काहीच माहीत नाही तुला?”

“हात माहीत आहेत,” वॉल्ट म्हणाला. “थंडगार असायचे. पहिल्या चेंडूच्या आधी थरथरायचे. मग थांबायचे.”

हे कुणालाच नको होतं. थरथरणाऱ्या हातांचा पुतळा कोण करतो? त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा आकडे फेकायला लागले. मला त्या क्लबाची, त्या बिअरच्या वासाची, त्या साठीतल्या पोरकट माणसांची शिसारी आली. मी पिरोगीचा डबा उचलला आणि गाडीत बसून थंडच खाल्ले.

मग आमच्याकडच्या एका नव्या पोरीनं वॉल्ट-जीनच्या दुपारच्या त्या प्रकाराचं मोबाइलवर चित्रण केलं आणि लोकांत सोडून दिलं. तिचा हेतू वाईट नव्हता, ती म्हणे रडलीसुद्धा पाहून. एका दिवसात जीन मतदानात डनलेवीच्या पुढे गेला. चक धावत आला. शुक्रवारी माजी विद्यार्थ्यांचा मोठा सामना, मध्यंतरात मैदानाच्या मधोमध जीन आणि वॉल्ट, खरा चेंडू, मोठा पडदा, दिवे. त्याला इतका आनंद झाला होता की वृद्धाश्रमाच्या ओसरीवर तो नाचत होता.

“माणूस आजारी आहे,” मी म्हटलं. “गर्दी, आवाज, दिवे, हे सगळं त्याला झेपणार नाही.”

“रॉनी, अगं त्याचा सन्मान करतोय आम्ही!”

“सन्मान करायचाय तर मंगळवारी ये आणि त्याला सूप भरव.”

चकनं माझं बोलणं कानाआड केलं आणि आमच्या मुख्य बाईंकडे, मिसेस क्रेलकडे गेला. बाईंना वृद्धाश्रमाचं नाव पडद्यावर झळकेल ह्याचं अप्रूप. जीनचा मुलगा ॲरिझोनात असतो. त्यानं फोनवर सांगितलं, “डॅडना आवडेल ते.” नाताळात फुलं पाठवतो, तेवढंच त्याला डॅडच्या आवडीबद्दल माहीत. राहता राहिला वॉल्ट. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती, आणि वॉल्ट हो म्हणाला.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

“तूसुद्धा? लाज नाही वाटत? माकडाचा खेळ करणार त्याचा?”

“ओरडू नको, बाई.”

“ओरडणार! तुला काय, पडद्यावर दिसायचंय?”

वॉल्टनं किल्ल्या खिशात टाकल्या. “मला काही झालं तर ह्याला कोण उठवणार?” तो म्हणाला. “पुतळा झाला तर लोकांना आठवेल तरी की हा अजून जिवंत आहे. चार जण येतील. त्यातला एखादा तरी वाकेल.”

मला त्याचाही राग आला, इतका भोळा माणूस असतो का म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी चक पांढरीशुभ्र विजार घेऊन आला. सदुसष्टमध्ये तशीच होती म्हणे. मी म्हटलं, गडद रंगाची घाला. तर म्हणे, पडद्यावर पांढरी उठून दिसते. मी जीनला नेहमीचा जाड डायपर घालायला घेतला, तर मिसेस क्रेल मध्ये पडल्या.

“रॉनी, त्यानं फुगीर दिसतं. पातळ पॅड लाव. तासाभराचा तर प्रश्न.”

“बाई, त्याला धरवत नाही.”

“लाव म्हटलं ना.”

मी लावला. नोकरी होती. जीनला हिरवा बारा नंबरचा शर्ट घातला, केस विंचरले. तो आरशात पाहून मला म्हणाला, “हा कोण म्हातारा?”

स्टेडियम गच्च भरलं होतं. तळलेल्या कांद्याचा वास, बँडचे ढोल, आणि कठड्याशी पोट टेकून उभी माणसं, ह्या हातात बिअर आणि त्या हातात मोबाइल. मी चाकांची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिले. डनलेवी माझ्याशेजारीच होता, जाहिरातीतला कोट घालून. ऐनवेळी आपणही मध्ये जाऊन जीनचा हात उंच धरावा असं त्यानं ठरवलं होतं.

मध्यंतर झालं. लाउडस्पीकरवरून चकचा आवाज घुमला. वॉल्टनं जीनला हाताला धरून मधोमध नेलं. कॅमेरावाला त्यांच्यापाठोपाठ. जीन प्रत्येक ढोलाला दचकत होता. त्याचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते, आणि मला इथून त्याचं तोंड उघडं दिसत होतं. लोकांना ते हसू वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वॉल्ट ओणवा झाला. चेंडूवर हात ठेवला. जीन त्याच्यामागे गेला, सवयीनं हात धरले. सगळं स्टेडियम गप्प झालं. आता तो “ब्लू बावीस” म्हणेल म्हणून हजारो मोबाइल वर झाले.

जीन काही म्हणाला नाही. तो वॉल्टच्या पाठीवर वाकला आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. त्या पांढऱ्या विजारीवर आतल्या बाजूनं एक डाग खाली सरकत होता. अजून लहान होता. कॅमेरावाला जवळ जवळ चालला होता, आणि त्याच्यामागे तो घराएवढा पडदा.

मी खुर्ची ढकलायला लागले, पण गवतात चाकं हलेनात.

तेवढ्यात वॉल्टनं चेंडू उचलला आणि मागे न देता मनगटाच्या झटक्यानं बाजूला भिरकावला, जोरात, उंच. तो लांबुळका चेंडू जमिनीवर पडला की कुठं उडेल सांगता येत नाही. हा आधी बँडच्या दिशेनं उडाला, मग एका ढोलावर आपटला, तिथून चीअरलीडर पोरींमध्ये. पोरी किंचाळल्या. हातोड्याचा वेश घातलेला विदूषक त्याच्यामागे धावला आणि पाय अडकून तोंडावर पडला. कॅमेरा गर्रकन तिकडे वळला. पडद्यावर चेंडू, पोरी, विदूषक. सगळं गाव तिकडे बघून खदाखदा हसत होतं. डनलेवी तर मांडीवर थापा मारत होता.

“सुटला! प्रिबिशच्या हातून चेंडू सुटला!” चक लाउडस्पीकरवरून ओरडला.

मैदानाच्या मधोमध कुणीही बघत नव्हतं. वॉल्ट उभा राहिला. अंगातला कोट काढून त्यानं जीनच्या कमरेला गुंडाळला, बाह्यांची पुढे गाठ मारली. मग त्याच्याकडे पाठ केली. जीननं त्या पाठीवर हात ठेवले, आणि दोघं सावकाश माझ्याकडे चालत आले.

वृद्धाश्रमात परत आल्यावर मी जीनला आंघोळ घातली, कोरडे कपडे घातले. तो लगेच झोपला. वॉल्ट खुर्चीत बसून गुडघे चोळत होता.

“काय म्हणाला रे तो तुझ्या कानात?”

“‘वॉल्टी, मी भिजलो.’”

मी विजार बादलीत टाकली.

“पहिल्या सामन्यातही हेच म्हणाला होता,” वॉल्ट म्हणाला. “सोळा-सतरा वर्षांचं पोर. समोर सगळं गाव. माझ्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, वॉल्टी, मी भिजलो. तेव्हा पाऊस होता. कुणाला कळलं नाही.”

“आणि तू कुणाला बोलला नाहीस? एवढ्या वर्षांत?”

“कशाला बोलायचं?” त्यानं खरंच नवल वाटून विचारलं.

मैदानातलं चित्रण गावभर झालं, मग जिल्हाभर. जीनचं नाव मागे पडलं, कारण लोक आता विदूषकावर हसण्यात दंग होते. चेंडूच नीट न घेता आलेल्या म्हाताऱ्याचा पुतळा कसला, असंही कुणी लिहिलं. डनलेवी निवडून आला. ब्राँझमध्ये त्याचे दात फार छान आलेत. हात उगारून पास टाकतोय, आणि त्याच्यापुढे कुणीही ओणवं नाही, जसं काही चेंडू आभाळातून त्याच्या हातात पडला.

क्लबात वॉल्टला नवं नाव मिळालं, ‘लोणी’. हाताला लोणी लागलेला म्हणून. “तीन हंगामांत एकदाही चेंडू सोडला नाहीस म्हणे, आणि सोडलास तो नेमका सगळ्यांदेखत?” चकनं त्याच्या पाठीवर थाप मारत विचारलं. मी तिथंच होते. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, विजार, पातळ पॅड, मिसेस क्रेल, सगळं. वॉल्टनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

“वय झालं,” वॉल्ट चकला म्हणाला आणि बिअर संपवली.

जीनला भेटायला नवीन कुणी आलं नाही. फुलांचा एक गुच्छ आला, डनलेवीच्या दुकानाचं कार्ड लावलेला.

काल दुपारी वॉल्ट आला. कोट खुंटीला अडकवला. तोच कोट, मी दोनदा धुतलेला. पलंगासमोर जाऊन तो ओणवा झाला. हल्ली त्याला एक हात जमिनीवर टेकावा लागतो. जीन उठला, पण हात पुढे करेना. भेदरून दाराकडे, खिडकीकडे बघत राहिला.

“लोक बघतायत का, वॉल्टी?”

“कुणी नाही,” वॉल्ट खाली मान घालून म्हणाला.

मी हातातली चादर खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मग माझ्या पाठीमागे जीन हळूच म्हणाला, “हट.”